पहिल्या रांगेतले बाबासो

उचगावात गायन पार्टीचा कार्यक्रम ठरला की आधी मांडव कुणाचा हे बघायचं, मग माईक कुणाचा, आणि मग बाबासो शिंगे त्या दिवशी मोकळे आहेत का. प्रमुख पाहुणे आले नाहीत तरी चालायचं. पाहुणे न येण्याची गावाला सवयच होती. पण बाबासो नाहीत म्हटलं की पार्टीची गाणारी मीनाबाई पेटीवाल्याला सांगायची, "आज काय रंग भरायचा न्हाय बघ. चार गाणी म्हनू आन् उठू."

बाबासो गात नव्हते, वाजवतही नव्हते. त्यांनी सूर लावला असता तर शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून बघितलं असतं. ते फक्त ऐकायचे. आता ऐकतो तर जो तो, दोन कान सगळ्यांनाच असतात, पण बाबासो ऐकायला बसायचे म्हणजे कामाला बसायचे. पहिल्या रांगेत, जरा डाव्या अंगाला, मांडी घालून. अंगावर धुतलेला शर्ट. चहाचा ट्रे समोरून गेला तर हातानं बाजूला करायचे, कुणी शेजारी कुजबुजलं तर असं बघायचे की त्याची तंबाखू हातातच राहायची. गाणं चढायला लागलं की त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून हळूहळू सुटायचा. आणि मीनाबाई एखादी अवघड वळणाची जागा घेऊन श्वासाला थांबली की नेमकं त्या फटीत बाबासोंचं बोलणं यायचं. आधी नाही, नंतर नाही.

बरी ओळ असली तर नुसतं "हां". खरोखर चांगली असली तर "हां! आता कसं!" आणि तीन-चार वर्षांतून एखाद्या वेळी असं काहीतरी व्हायचं की त्यांचा आवाजच बसायचा आणि तोंडातून हळूच निघायचं, "आगं आई गं..." मीनाबाई चाळीस वर्षं गात होती, भीमजयंत्या, बुद्धपौर्णिमा, लग्नं, नामकरणं, सगळं. तिला हे "आगं आई गं" अकरा वेळा मिळालं होतं. कुठल्या गावात, कुठल्या गाण्याला, हे तिला तोंडपाठ होतं. मिळालेल्या शाली मात्र कुठं गेल्या ते तिला आठवत नव्हतं.

हा कान काही आभाळातून पडला नव्हता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत बाबासोंनी पंचवीस वर्षं काढली. ओतून, घासून आलेला माल त्यांच्यापुढं फळीवर मांडायचे. छोट्या हातोडीनं एकेक ठोकायचा आणि ऐकायचं. धड लोखंड घंटेसारखं बोलतं. आत तडा असला की बसकं बोलतं. तडा डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी बाबासोंच्या कानाला कळायचा. पुढं मशिनं आली तरी मशिनवर शंका आली की सुपरवायझर त्यांनाच हाक मारायचा. पंचतारांकित या शब्दावर मात्र त्यांचा राग होता. म्हणायचे, "पाच तारं कुठं हायत ते मला एकदा दावा. कँटीनच्या आमटीत तर न्हायत."

आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी, दीप्ती, पियानो वाजवायला लागली. शहरातल्या एका जुन्या मिशनच्या शाळेत तिला घातलं होतं. तिथल्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक पियानो होता, आणि मोना टीचर होत्या. पाचवीत त्यांनी दीप्तीची बोटं बघितली आणि शनिवारी दुपारी थांबायला सांगितलं. तेव्हापासून दर शनिवारी बाबासो तिला एम-एटीवरून न्यायचे आणि हॉलच्या पायरीवर बसून राहायचे. आत ती तासभर तीच ती सरगम वर-खाली घासायची, ऐकणाऱ्याला भोवळ यावी. बाबासो पायरीवरून उठायचे नाहीत. परतताना गाडीवर मागं न बघता म्हणायचे, "आज डावा हात जरा जडच पडत हुता न्हवं?" आणि तो पडत असायचा.

नववीच्या गॅदरिंगला दीप्तीनं पहिल्यांदा स्टेजवर वाजवलं. तीन मिनिटांचा तुकडा. पालक खुर्च्यांवर बसलेले, सगळं कसं इस्त्रीतलं. तुकड्याच्या मध्यावर एक जागा होती, सूर वर जाऊन अलगद खाली यायचे. ती जागा दीप्तीनं छान घेतली, आणि मागून खणखणीत आवाज आला, "हां! आता कसं!"

सगळा हॉल हसला. तसं वाईट काही नव्हतं त्या हसण्यात, पण चौदाव्या वर्षी असलं हसणं अंगावर उकळतं पाणी पडावं तसं पडतं. वर्गातली राजनंदिनी नावाची मुलगी पुढं वर्षभर, दीप्तीनं वही उघडली की "आता कसं!" म्हणायची, डबा उघडला की म्हणायची, फळ्याकडं गेली की म्हणायची. कुणी मारलं तर मास्तरांना सांगता येतं. कुणी हसलं तर कुणाला सांगणार? दीप्तीनं घरी अवाक्षर काढलं नाही. मोना टीचरनी एकदा तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "अगं, जागा बरोबर होती त्यांची. माझ्याही तोंडावर आलं होतं." ते तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. लाज एकदा अंगाला चिकटली की शहाण्यासुरत्या माणसाचंही काही ऐकू देत नाही.

पुढं दीप्ती पुण्याला गेली. शिकली, शिकवायला लागली, इथं तिथं वाजवायला लागली, चार जाणत्यांत नाव झालं. आणि यंदा जानेवारीत कोल्हापुरातल्या एका संगीत मंडळानं तिचा एकटीचा कार्यक्रम ठेवला. ताराबाई पार्कात नवं छोटं सभागृह, संध्याकाळी सहाची वेळ, पुण्याहून टेंपोत गाद्यांत गुंडाळून आणलेला मोठा पियानो. पेपरात फोटो आला. तो बाबासोंनी कापून शर्टाच्या खिशात ठेवला आणि उचगावात ज्याला त्याला दाखवला, ज्याच्या घरी तोच पेपर येत होता त्यालासुद्धा.

त्या दिवशी दुपारी घरात निघायची गडबड चालली होती. आई साडीच्या निऱ्या घालत होती. बाबासो आरशासमोर नव्या पांढऱ्या शर्टाचं बटण लावत होते. दीप्तीला धास्ती होती, कार्यक्रमाची कमी आणि दुसऱ्याच गोष्टीची जास्त. शेवटी ती म्हणालीच.

"पप्पा, एक सांगू? तिथं मध्ये काही बोलायचं नाही हं."

"म्हंजी?"

"म्हणजे आपल्याकडं कसं, आपली माणसं गाण्यात मध्येच ओरडतात, तसं नसतं तिथं. संपेपर्यंत गप्प बसायचं. टाळ्यासुद्धा शेवटी."

बाबासोंचा हात बटणावर थांबला. आरशातूनच त्यांनी विचारलं, "मी वरडतो व्हय गं?"

विचारलं ते अगदी साधेपणानं, शर्ट मागं फाटलाय का असं विचारावं तसं. तेवढ्यात दीप्तीचा फोन वाजला. पियानो जुळवणारा माणूस सभागृहावर पोचला होता आणि दार उघडायला कुणी नव्हतं. ती बोलत बोलत बाहेर गेली. फोन संपवून आली तोवर बाबासो गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. तिला बघून हसले आणि म्हणाले, "एक शबुद काढत न्हाय. बघच तू." ते हसले म्हणून दीप्तीला वाटलं, झालं, लागलं नाही त्यांना. आपल्याला जे सोयीचं असतं ते आपल्याला लगेच पटतं. 'नाही हो पप्पा, तुम्ही ओरडत नाही' हे एवढंच वाक्य त्या वेळी म्हणायचं होतं. त्याला किती वेळ लागला असता?

सभागृह भरलं होतं. डॉक्टर, वकील, कॉलेजातली माणसं, गाण्याच्या क्लासच्या बाया, पुण्याहून आलेले दोघेतिघे. बाबासो आणि आई दुसऱ्या रांगेत कडेला. पियानोवर बसल्यावर दीप्तीच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बरोबर तीच खुर्ची यायची. पहिला तास तिनं परक्या देशातल्या जुन्या लोकांनी रचलेलं संगीत वाजवलं. हॉल इतका शांत की कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तर चार माना वळल्या. जसं हवं होतं तसंच सगळं चाललं होतं. कुणी ओरडलं नाही.

शेवटची रचना तिची स्वतःची होती. बुद्धपौर्णिमेला मीनाबाई एक संथ गाणं म्हणायची, त्याची चाल तिनं घेतली होती. शब्द गेले, ढोलकी गेली, खंजिरी गेली, नुसती चाल उरली. डाव्या हातानं खालच्या पट्टीत ती विहिरीतून पाणी ओढावं तशी संथ यायची, मग उजवा हात ती उचलून वर न्यायचा, अजून वर, आणि अगदी टोकाला जाऊन दोन्ही हात उचलायचे. थांबायचं. मग पुन्हा खाली उतरायचं. पुण्यात हे तिनं दोनशे वेळा तरी वाजवलं असेल. मोना टीचरना फोनवर ऐकवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सुंदर आहे, पण तिथं एवढी थांबू नकोस, लांबतंय." दीप्तीला ते पटलं नव्हतं. का पटलं नव्हतं हे तिलाही सांगता आलं नसतं. ती जागा तेवढीच होती, बस्स.

त्या संध्याकाळी चाल वर चढली, टोकाला गेली आणि दीप्तीनं हात उचलले. सभागृहात कुणी श्वास घेतला तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. आणि त्या शांततेत दीप्तीला एकदम उमगलं की ही जागा रिकामी ठेवायला ती केव्हा शिकली. लहानपणापासून मीनाबाई तिथं थांबली की तिथं कुणाचा तरी आवाज यायचा. त्या आवाजाला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच वेळ तिनं आपल्या रचनेत मोकळा सोडला होता. जागा बाबासोंची होती.

तिनं किंचित मान वळवली. बाबासो खुर्चीत ताठ बसले होते. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबलेले, ओठ मिटलेले, मानेची शीर वर आलेली. मास्तरांनी तंबी दिलेल्या शहाण्या पोरासारखे. डोळे तिच्याचकडं होते. दीप्ती थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. मनात म्हणाली, पप्पा, बोला. जन्मात इतक्या कळकळीनं तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. पण मनातलं ऐकायचा कान बाबासोंनाही नव्हता, आणि एकदा दिलेला शब्द ते मोडत नसत. शेवटी तिनं हात खाली आणले. उरलेलं तिच्या बोटांनी वाजवलं. ती त्यात नव्हती.

सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. आणि मग माणसं तिच्याभोवती जमली, ओळ लागली. एका बाईंनी तिचे हात हातात घेतले आणि त्या नुसत्या रडल्या. पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, "ती मधली शांतता! अहो, वाजवणारे पुष्कळ बघितले, पण अशी शांतता वाजवणारं माणूस पहिल्यांदा बघितलं. कुठून सुचलं हो तुम्हाला?"

डॉक्टरांच्या मागं दोन माणसं सोडून बाबासो उभे होते. चार लोकांसारखे ओळीत, आपला नंबर येईल म्हणून. दीप्तीनं त्यांना बघितलं होतं. एक बोट दाखवायचं होतं फक्त. 'त्यांच्याकडून,' म्हणायचं होतं. ती म्हणाली, "असंच सुचलं."

त्या वाक्याबद्दल तिनं स्वतःला पुढं किती दूषणं दिली त्याला सुमार नाही. आणि खरं सांगायचं तर ती वावगी नव्हती. टाळ्या एवढ्या होत्या, कौतुक एवढं होतं, त्यातलं पसाभर ज्याचं होतं त्याला द्यायला काय जात होतं? पण लाजेनं माणूस असा भित्रा होतो की जिंकल्यावरसुद्धा भितो.

नंबर आल्यावर बाबासो पुढं झाले. म्हणाले, "चांगलं झालं. दमलीस आसशील."

चांगलं झालं! कँटीनच्या भाताला ते हेच म्हणायचे. परतीच्या वाटेवर गाडीत दीप्तीनं पुन्हा विचारलं, "पप्पा, खरंच आवडलं ना?"

"व्हय की. चांगलं झालं." मग खिडकीबाहेर बघत, "वरच्या अंगाची एक पट्टी तेवढी जरा बसकी बोलत हुती. तडा न्हाय, पर सैल हाय काय तरी. सांग त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी दीप्तीनं पियानोवाल्याला विचारलं. तो चपापलाच. वरच्या सप्तकातली एक सैल तार त्याला स्वतःला उशिरा कळली होती आणि कार्यक्रम सुरू झाल्यामुळं तशीच राहिली होती. त्या सबंध वाजवण्यात बाबासोंच्या कानातून एक सूरही निसटला नव्हता. एवढं कळूनसुद्धा दीप्तीनं मनाची समजूत घातली की पप्पांना हे संगीत नवीन आहे, त्यांना काय बोलावं सुचलं नसेल. आणि ती पुण्याला निघून गेली.

मग आली ती मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेला. संध्याकाळी विहारापुढच्या मैदानात मांडव घातला होता, वंदना झाली, खीर वाटली, आणि मीनाबाईची पार्टी बसली. दीप्ती बायकांच्यात बसली होती. सवयीनं तिनं पहिल्या रांगेकडं, डाव्या अंगाला बघितलं. तिथं कुणीतरी दुसराच माणूस मोबाईलवर शूटिंग करत बसला होता. बाबासो मागं चौथ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. ताठ. हात मांड्यांमध्ये.

मीनाबाईनं तेच संथ गाणं धरलं. पासष्टी उलटलेली बाई, पण आवाजाला अजून धार होती. चाल चढली, टोकाला गेली, मीनाबाई श्वासाला थांबली आणि तिनं डावीकडं बघितलं. काहीच आलं नाही. पेटीवाल्यानंही वर बघितलं. मीनाबाई तिथं जरा अडखळली, मग पुढची ओळ घेतली. गाणं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या रांगेत बाबासोंनीही वाजवल्या. आणखी दोन गाणी म्हणून मीनाबाई घसा बसलाय म्हणाली आणि उठली.

घरी आल्यावर बाबासो हातपाय धुवायला गेले तशी दीप्तीनं आईला विचारलं, "पप्पा मागं का बसले होते?"

आई भाकरीचं पीठ काढत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "जानेवारीपासनं आसंच हाय. जयंतीलाबी मागंच बसलं. मी इचारलं तर म्हनलं, इतकी वर्सं मी लोकांच्या गाण्यात मधीच वरडत हुतो, आन् कुनी मला सांगितलं न्हाय. भिडस्त माणसं ती. पोरगी शिकलेली हाय म्हनून तिनं सांगितलं."

म्हणजे दीप्तीचा तो शब्द एका संध्याकाळपुरता नव्हता राहिला. तो मागं मागं जाऊन चाळीस वर्षांवर पसरला होता. जिथं जिथं त्या माणसानं जीव ओतून दाद दिली होती, तिथं तिथं आता त्याला आपलं ओरडणं ऐकू येत होतं.

सकाळी उठल्या उठल्या ती मीनाबाईकडं गेली. मीनाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं या म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

"तूच सांगितलंस न्हवं त्याला, गप बस म्हनून?"

"हो. पण ते फक्त त्या दिवशी, तिथं—"

"तितं आन् हितं काय आसतंय गं? तोंड एकच आसतंय माणसाला." मीनाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "तुझा कार्यक्रम झाला न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी सात वाजता आलता हितं. च्या बी घेतला न्हाय. ह्या पेटीवर," तिनं आतल्या पत्र्याच्या ट्रंकेकडं हात केला, "ह्या पेटीवर बोटं आपटून मला आक्खं ऐकवलं. तोंडानं वाजवून दाखवलं. माझीच चाल, पर मला वळकंना, इतकी साजरी केल्याली. आन् त्या जागंवर आला आन् गप झाला. डोळं भरलं त्याचं. म्हनला, मीनाबाई, पोरीनं हात उचललं आन् माझ्या घशात आलंतं बघ, आगं आई गं. ते गिळलं मी. गिळताना दुखलं म्हनं."

दीप्ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"मी म्हनलं, आरं येड्या, मग बोलायचं की. तर म्हनला, न्हाय, तिची माणसं हुती तितं."

तिची माणसं. आणि ती म्हणाली होती, आपली माणसं ओरडतात. दीप्ती रडायला लागली. मीनाबाईनं तिला रडू दिलं. गप्प केलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. रागच होता तिला आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"मी काय लई मोठी गाणारी न्हवं," ती मग जरा खालच्या आवाजात म्हणाली. "पर तो म्होरं बसला की मला वाटायचं, मी हाय. माझं गाणं कुठंतरी पोचतंय. काल त्या जागंवर थांबले आन् वाटलं, आपुन कोरड्या हिरीत बोलायलोय. आता ह्या वयात दुसरा बाबासो कुठनं आणू?"

"मी सांगते त्यांना, मावशी. माझं चुकलं म्हणून सांगते."

"सांग," मीनाबाई म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "बघ बोलतोय का."

घरी बाबासो अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. दीप्तीनं त्यांच्या हातातली झारी काढून घेतली आणि मनातलं सगळं सांगून टाकलं. गॅदरिंगचं सांगितलं, राजनंदिनीचं सांगितलं, त्या मोकळ्या जागेचं सांगितलं, डॉक्टरांशी खोटं बोलल्याचं सांगितलं. "पप्पा, तुम्ही ओरडत नाही. कधीच ओरडला नाहीत. मी चुकले. मला तुमचं बोलणं पाहिजे."

बाबासो ऐकत होते, नेहमीसारखे, सगळं अंग कान करून. ऐकून झाल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आगं, त्यात रडण्यासारखं काय हाय? बरोबरच सांगितलंस तू. आमाला कुठं कळतंय त्यातलं." आणि वर तिचीच समजूत घातली, "पोरं तुला वरीसभर चिडवत हुती, आन् मला पत्त्या न्हाय. तवाच सांगायचं न्हाय व्हय?"

त्यांनी चिडून दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला मनवता येतं. ज्याला आपलं खरोखरच चुकत होतं असं वाटायला लागलंय, त्याला काय सांगणार? बूंद से गई वो हौद से नहीं आती, म्हणतात ते काही उगाच नाही.

तरी दीप्तीनं हौद ओतून बघितला. माळ्यावर तिचा शाळेतला छोटा कीबोर्ड होता. तो पुसला, टेबलावर ठेवला, वायर जोडली. बाबासोंना खुर्ची दिली. "बसा. तुमच्या एकट्यासाठी वाजवते. आणि पप्पा, बोलायचं. मनात येईल तिथं बोलायचं." आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

कीबोर्डचा आवाज पातळ होता आणि पट्ट्या कमी होत्या, पण दीप्तीनं सभागृहात वाजवलं नव्हतं असं वाजवलं. कुठं घाई नाही, कुठं दाखवणं नाही. चाल खालून निघाली, संथ वर चढली, टोकाला गेली. तिनं हात उचलले आणि सरळ वडिलांकडं बघितलं.

बाबासोंचे डोळे भरले होते. गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. ओठ हलले नाहीत. सगळं ऐकलेलं असूनही, ती आपल्यासाठी थांबलीय हे त्यांच्या ध्यानात येईना. पोरगी पुढचं विसरली की काय असं वाटून त्यांनी तिला धीर द्यायला हळूच मान हलवली आणि हातानं खूण केली, चालू दे.

दीप्तीनं हात खाली आणले आणि पुढचं वाजवलं. शेवटचा सूर विरून गेला. तिनं हात मांडीवर घेतले. बाबासो जरा पुढं झुकून तिच्या हातांकडं बघत राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

तिनं मान हलवली. मग बाबासोंनी टाळ्या वाजवल्या.